माका : गटाराच्या काठावरून कुंडीत

माका ही सूर्यफुलाच्या कुलातील, पांढऱ्या बारीक फुलांची आणि ओल्या जमिनीवर पसरत जाणारी ओषधी आहे. वनस्पतिशास्त्रात ‘ओषधी’ म्हणजे जिचे खोड लाकूड धरत नाही अशी लहान वनस्पती. तिच्यात औषधी गुण आहेत की नाहीत याच्याशी या संज्ञेचा संबंध नसतो, माक्याच्या बाबतीत मात्र दोन्ही अर्थ लागू पडतात. मुंबईच्या उपनगरांत त्याला शोधावे लागत नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांत एके काळी पावसाळ्यात भाताची खाचरे भरत आणि माका हे भातशेतीतले जुने, चिवट तण आहे. खाचरे गेली, त्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, तरी जिथे जिथे पाणी मुरते वा झिरपते तिथे हे तण टिकून राहिले. सोसायटीच्या कुंपणभिंतीच्या पायथ्याशी, पाण्याच्या गळक्या वाहिनीखाली, रेल्वेरुळांलगतच्या चरांत आणि उघड्या गटारांच्या कडेला ते पावसाळ्यात हमखास दिसते आणि ओल राहिली तर उन्हाळ्यातही तग धरते.

हे रोप साधारणपणे गुडघ्याइतके वाढते, पण सरळ उभे राहण्यापेक्षा आडवे होऊन पुढे सरकण्याकडे त्याचा कल अधिक असतो. खोडाला तांबूस झाक असते आणि ते जमिनीला टेकले की पेरांपासून मुळे फुटतात. पाने भाल्याच्या आकाराची, जवळजवळ बिनदेठाची व समोरासमोर येणारी असून त्यांच्यावर आखूड, ताठ लव असल्यामुळे ती बोटांना खरखरीत लागतात. ओळख पटवण्याची सर्वांत भरवशाची खूण मात्र रसाची आहे : पान वा खोड चुरगाळून थोडा वेळ तसेच ठेवले की हिरवा रस काळपट होत जातो आणि बोटांवर निळसर काळा डाग राहतो. केस रंगवण्यासाठी आणि गोंदण्यासाठी हा रस पूर्वी वापरला जाई, तो याच गुणामुळे.

माक्याचे ज्याला एक फूल म्हटले जाते ते प्रत्यक्षात अनेक फुलांचे संमेलन असते. सूर्यफूल, झेंडू, शेवंती, डेझी या सर्वांचे हेच वैशिष्ट्य असून या रचनेला स्तबक म्हणतात. एका चपट्या बैठकीवर असंख्य सूक्ष्म पुष्पके दाटीने बसलेली असतात आणि बाहेरून हिरवी छदे, म्हणजे संरक्षक पर्णिका, त्यांना कवेत घेतात. माक्याचा स्तबक जेमतेम ६ ते ८ मिलिमीटर रुंद असतो. भिंगातून पाहिल्यास कडेला दोन ओळींत बसलेली, दोऱ्यासारखी अरुंद पांढरी किरणपुष्पके दिसतात, ती केवळ स्त्रीलिंगी असतात. मध्यभागी चार पाकळ्यांच्या नळीसारखी बिंबपुष्पके असतात व ती द्विलिंगी असतात. पाकळ्या गळल्यावर उरलेली हिरवी चकती हळूहळू तपकिरी-काळी होते आणि तिच्यातून खडबडीत, कोनदार फळे सुटतात. या फळांना रोमगुच्छ नसतो, म्हणजेच वाऱ्यावर तरंगायला लागणारा केसांचा झुपका नसतो. त्यामुळे माक्याचा प्रसार वाऱ्याने न होता वाहत्या पाण्याने आणि चपला-टायरांना चिकटणाऱ्या चिखलाने होतो. उपनगरांतल्या गटारांच्या जाळ्याशी त्याचे इतके जमते याचे कारण बहुतांशी एवढेच आहे.

याच कुलातली दोन-तीन झाडे माका समजून घरी आणली जातात, म्हणून फरक स्पष्ट असलेला बरा. एकदांडी, जिला काही ठिकाणी दगडी पाला म्हणतात, ती मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतली. तिचे फूल लांब, एकट्या दांड्यावर येते, किरणपुष्पके चार-पाचच असून टोकाला त्रिखंडी असतात आणि बिया रोमगुच्छाच्या साहाय्याने उडतात. खेळताना गुडघा फुटला की तिचा पाला चोळून लावण्याची रीत महाराष्ट्रभर आहे. रोपवाटिकांमध्ये ‘वेडेलिया’ या नावाने मिळणारी, त्रिखंडी चकचकीत पानांची आणि ठसठशीत पिवळ्या फुलांची वेल हाही माका नव्हे. रस्त्यांच्या दुभाजकांवर व सोसायट्यांच्या उतारांवर जमीन झाकण्यासाठी ती लावली जाते, परंतु जगातल्या १०० सर्वाधिक उपद्रवी परकीय आक्रमक जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत तिचा समावेश आहे आणि तिला बागेत घेताना दोनदा विचार करायला हवा. तिसरा आहे पिवळा माका, आयुर्वेदातला पीतभृंगराज. तो मात्र खरोखर औषधी, भारतीय आणि वेडेलियाचा जवळचा नातलग असून बंगाल व केरळ या प्रांतांत भृंगराज म्हणून तोही वापरला जातो.

माका वर्षायू की बहुवर्षायू, या प्रश्नावर पुस्तकांत एकवाक्यता नाही आणि ती नसणे स्वाभाविक आहे. एका वर्षात उगवून, फुलून, बी टाकून मरते ती वर्षायू वनस्पती. वर्षानुवर्षे त्याच मुळांवर जगते ती बहुवर्षायू. विदर्भातल्या एखाद्या खाचरात, जिथे दिवाळीनंतर जमीन तडकते, तिथे माका वर्षायूच असतो. मुंबईत हवेतला दमटपणा, थंडीचा अभाव आणि बारमाही गळती यांच्या आधारे तेच रोप पेरापेराने नवी मुळे धरत पुढे सरकते, जुना भाग वाळतो, नवा तजेलदार राहतो, आणि अशा रीतीने ते दोन-तीन वर्षे सहज निभावते. घरच्या कुंडीत पाणी बागवानाच्या हातात असल्याने त्याला बहुवर्षायू मानूनच चालणे सोयीचे.

वनस्पतिशास्त्रीय नामकरणात लिनियसने १७५३ साली या वनस्पतीची नोंद वेगळ्या प्रजातीखाली केली होती आणि १७७१ साली स्वतःच तिला ‘एक्लिप्टा’ या नव्या प्रजातीत हलवले. ‘एक्लिप्टा प्रोस्ट्राटा’ हे आजचे मान्य नाव तेव्हापासूनचे, तर औषधांच्या बाटल्यांवर अजून दिसणारे ‘एक्लिप्टा आल्बा’ हे त्याच वनस्पतीचे पर्यायी नाव आहे. आयुर्वेदात ती भृंगराज, केशराज, मार्कव या नावांनी येते आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयात, उत्तरस्थानातील रसायनाच्या अध्यायात, तिच्या स्वरसाचे महिनाभर सेवन सांगितले आहे. रसायन म्हणजे शरीराची झीज भरून काढून वार्धक्य लांबवणारी उपाययोजना. केसांचे तेल हा माक्याचा आज सर्वतोमुखी झालेला उपयोग या व्यापक कल्पनेचा एक कोपरा आहे, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

माक्याच्या आधुनिक रसायनशास्त्राचा एक धागा मुंबईच्या उपनगरापर्यंत येतो. चेन्नईच्या, म्हणजे तेव्हाच्या मद्रासच्या, प्रेसिडेन्सी कॉलेजातील रसायनशास्त्रज्ञ टी. आर. गोविंदाचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली पिवळ्या माक्यातून एक नवे संयुग वेगळे करून त्याची रचना प्रसिद्ध केली. पिवळ्या माक्याची गणना त्या काळी वेडेलिया प्रजातीत होत असल्याने त्याला ‘वेडेलोलॅक्टोन’ असे नाव मिळाले. पांढऱ्या माक्यातही तेच संयुग आढळले आणि आज माक्याच्या चूर्णाची वा अर्काची प्रत ठरवताना त्यातील वेडेलोलॅक्टोनचे प्रमाण मोजले जाते. पुढे १९६३ साली गोविंदाचारी गोरेगाव येथील सिबा संशोधन केंद्राचे संचालक झाले. ज्या परिसरातल्या ओढ्यांच्या कडेने हे तण माजलेले असते, त्याच परिसरात त्याच्या रसायनाचा शोध लावणारा शास्त्रज्ञ काम करीत होता, ही गोष्ट उपनगरवासीयांना सहसा ठाऊक नसते.

इतके मुबलक उगवणारे झाड मुद्दाम लावायचे कशाला, ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर झाडात नसून पाण्यात आहे. दहिसर, पोईसर आणि ओशिवरा या नद्या बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांत स्वच्छ उगम पावतात आणि खाडीला मिळेपर्यंत सांडपाण्याच्या नाल्यांचे रूप घेतात. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन निघणाऱ्या मिठीची कथा याहून वेगळी नाही. माका नेमका याच पाण्याच्या काठाने वाढतो. सांडपाण्यातले जंतू पानांवरच्या लवेत अडकतात आणि ते निदान धुऊन, उकळून कमी करता येतात. पण कारखान्यांच्या व वाहनांच्या संपर्कात आलेल्या मातीतले शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू मुळांवाटे थेट पानांत जातात आणि ते कितीही धुतले वा उकळले तरी निघत नाहीत. उलट काढा आटवला तर त्यांची तीव्रता वाढते. ओल्या, चिखलट जागेतून खाद्यद्रव्ये ओढून घेण्याची जी क्षमता माक्याला तगवते, तीच त्याला गटाराच्या काठावर निरुपयोगी करते. राहिला प्रश्न डोंगरातल्या स्वच्छ ओहोळांचा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून कोणतीही वनस्पती उपटून आणणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार बेकायदा आहे, त्यामुळे तोही मार्ग बंद. उपनगरात पोटात घ्यायचा किंवा डोक्याला लावायचा माका हवा असेल तर तो घरच्या मातीत आणि नळाच्या पाण्यावरच वाढवलेला असला पाहिजे.

सुरुवात बियांपासून करता येते तशी छाटापासूनही. बियांच्या बाबतीत एक चूक वारंवार होते : त्या मातीखाली पुरल्या जातात. माक्याचे बी प्रकाशाशिवाय रुजत नाही आणि अर्धा सेंटिमीटर मातीखाली गेले तरी उगवत नाही, म्हणून ते ओल्या मातीवर नुसते भुरभुरून हाताने हलके दाबावे आणि वर काहीही पसरू नये. पाणी झारीने न घालता फवाऱ्याने द्यावे, नाहीतर हलके बी वाहून कुंडीच्या एका कडेला जमा होते. छाटाची पद्धत याहून सोपी आहे. तीन-चार पेरांचा तुकडा घेऊन खालची दोन पेरे मातीत दाबली की आठवडाभरात मुळे धरतात. पहिला छाट आणायचा कुठून, हा प्रश्न उरतो. रोपवाटिकेत माका नावाने न मिळाल्यास भृंगराज म्हणून मागावा, आणि घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती शेजाऱ्यांकडे ‘भांगरो’ किंवा तमिळ शेजाऱ्यांकडे ‘करिसलांकण्णी’ अशी विचारणा केली तर रोप त्यांच्याच बाल्कनीत निघण्याचीही शक्यता असते. बाहेरून आणलेल्या छाटाची पहिली वाढ कापून टाकावी आणि नव्या मातीत फुटलेला पालाच वापरात घ्यावा.

कुंडी खोल असण्यापेक्षा पसरट असावी, कारण माक्याची मुळे उथळ असतात आणि त्याला सरकायला जागा लागते. जुन्या प्लास्टिकच्या टबाला तळाशी भोके पाडून तो वापरला तर कुंडीपेक्षा अधिक चांगला. रोपवाटिकेत मिळणारी लाल माती एकटी वापरल्यास उन्हात विटेसारखी घट्ट होते, तिच्यात निम्म्याच्या आसपास शेणखत वा घरचे कंपोस्ट आणि ओल धरण्यासाठी थोडा कोकोपीट मिसळावा. दिवसाला चार तास ऊन पुरते. इमारती एकमेकींना खेटून उभ्या असल्यामुळे कित्येक बाल्कन्यांना तेवढेही मिळत नाही. अशा ठिकाणी रोप मरत नाही, पण पेरे लांबतात, पाने पातळ होतात आणि पाल्याचे वजन भरत नाही.

पाण्याचा प्रश्न इथे उलटा उभा राहतो. बहुतेक कुंडीतली झाडे जास्त पाण्याने मरतात. माका कमी पाण्याने मरतो, आणि मे महिन्यात एक दुपार कोरडी गेली तरी मान टाकतो. म्हणून कुंडीखाली बशी ठेवून तिच्यात पाणी भरून ठेवण्याचा मोह होतो, आणि उपनगरात तीच गोष्ट सर्वांत धोक्याची ठरते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास होण्यास साधारण ८ ते १० दिवस लागतात. पावसाळ्यात महापालिकेचे कीटकनाशक विभागाचे कर्मचारी घरोघर येऊन कुंड्यांखालच्या बशा तपासतात, ते उगाच नव्हे. बशी हवीच असेल तर ती वाळूने काठोकाठ भरावी, म्हणजे ओल राहते पण मोकळे पाणी दिसत नाही. नुसती बशी ठेवली तर आठवड्यातून एकदा ती ओतून, आतून घासून कोरडी करावी, कारण डासाची अंडी कडेला चिकटून राहतात आणि केवळ पाणी ओतल्याने जात नाहीत. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी कुंडीत सोडण्याची युक्ती बऱ्याच घरांत दिसते. शोभेच्या झाडांना ते चालेल, परंतु ते यंत्रातील धातूच्या जाळीवरून ओघळून आलेले असल्यामुळे औषधी पाल्यासाठी टाळलेले बरे. कीड फारशी लागत नाही. पिठ्या ढेकूण दिसला तर ती फांदी कापून टाकणे हाच उपाय, कारण ज्या पाल्याचा रस काढायचा त्याच्यावर कीटकनाशक फवारण्यात काही अर्थ नाही.

जूनच्या पहिल्या पावसात लावलेला माका ऑगस्टच्या अखेरीस पूर्ण भरात येतो आणि मराठी घरांत त्याची खरी गरज नेमकी तेव्हाच लागते. गणेशचतुर्थीच्या पूजेत वाहिल्या जाणाऱ्या एकवीस पत्रींमध्ये माक्याचा समावेश असून मालतीच्या पाठोपाठ त्याचे पान वाहिले जाते. पंधरवडाही उलटत नाही तोच पितृपक्ष लागतो आणि श्राद्धाच्या साहित्यात तुळस, दर्भ यांच्या जोडीला माक्याचा पाला लागतो. अशा रीतीने तो मंगलकार्यात आणि पितृकार्यात दोन्हीकडे चालतो. दादरच्या फुलबाजारात आणि उपनगरांतल्या स्टेशनांबाहेर पत्रीच्या जुड्या घेऊन बसणाऱ्या स्त्रिया बहुधा पालघर, वसई, कर्जत, कसारा या पट्ट्यांतून पहाटेच्या लोकलने येतात. त्यांच्याकडे माका अस्सल असतो. ग्राहकालाच तो ओळखता येत नाही आणि तो जुडीतला कोणताही हिरवा पाला निमूटपणे घेऊन जातो. पान चुरगाळून काळे पडते का, एवढे पाहिले तरी पुरे.

माक्याचे तेल घरी करताना प्रमाण समजून घेतल्याशिवाय कढई चढवू नये. शार्ङ्गधर संहितेत सिद्ध तेलाचे सर्वसाधारण प्रमाण एक भाग कल्क, चार भाग तेल आणि सोळा भाग द्रव असे दिले आहे. कल्क म्हणजे वनस्पतीचा ओला वाटून केलेला गोळा, आणि द्रव म्हणजे तिचा रस, काढा वा नुसते पाणी. हिशेब केला तर २०० मिलिलिटर तेलासाठी ५० ग्रॅम कल्क व ८०० मिलिलिटर रस लागतो, आणि तेवढा निव्वळ रस निघण्यासाठी दीड-दोन किलो ताजा पाला तरी हवा. बाल्कनीतल्या दोन टबांचे ते काम नव्हे. म्हणून घरगुती प्रयोग ५० मिलिलिटर तेलाचा करावा, ज्याला साडेबारा ग्रॅम कल्क आणि २०० मिलिलिटर रस पुरतो. तेवढाही रस न भरल्यास उरलेल्या मापाचे पाणी घालावे. बाजारातल्या कित्येक स्वस्त ‘भृंगराज तेलां’त माका किती असेल, याचा अंदाजही या हिशेबावरून बांधता येतो.

इतके पाणी आटवण्यामागे कारण आहे. कढईत पाण्याचा अंश असेपर्यंत मिश्रणाचे तापमान १०० अंश सेल्सियसच्या आसपास अडून राहते आणि पाला करपत नाही. पाणी संपले की तेल झपाट्याने तापते आणि दोन-तीन मिनिटांच्या दुर्लक्षाने सगळा जिन्नस जळतो. म्हणून आच शेवटपर्यंत मंद ठेवावी आणि कल्क तळाला लागू नये यासाठी उलथन्याने ढवळत राहावे. तेल तयार झाल्याच्या पारंपरिक कसोट्या आजही उपयोगी आहेत : फसफसण्याचा आवाज थांबतो, तेलावर फेस येतो, कल्काची बोटांत वळून वात होते आणि ती वात ज्योतीवर धरली असता तडतडत नाही. तडतडली तर पाणी शिल्लक आहे असे समजावे, आणि असे तेल मुंबईच्या दमट हवेत थोड्याच दिवसांत खवट होते किंवा त्याला बुरशी धरते. उतरवल्यावर तेल गरम असतानाच फडक्यातून गाळावे व पूर्ण वाळलेल्या काचेच्या बाटलीत भरावे.

या तेलाने काय होते याविषयी बोलताना हात आखडता घेणे योग्य. माक्याच्या अर्काने उंदरांच्या त्वचेतील रोमकूप वाढीच्या अवस्थेत लवकर जातात असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे, यकृताच्या विकारांवरही प्राण्यांत बरेच काम झाले आहे. परंतु पिकलेले केस पुन्हा काळे होतात, या लोकप्रिय दाव्याला तितका आधार नाही. केसांना दिसणारा काळेपणा बहुतेक वेळा रसाच्या रंगाचा असतो आणि तो धुतला की जातो. सर्पदंशावर माक्याचा रस देण्याची समजूतही अनेक प्रांतांत आहे. ती पाळण्यात वेळ दवडणे जिवावर बेतू शकते, कारण विषारी सर्पदंशावर रुग्णालयातील प्रतिसर्पविषाशिवाय खात्रीचा उपाय नाही. ज्यांना गाजरगवताने त्वचेवर पुरळ उठते त्यांनी अधिक जपावे, कारण गाजरगवत आणि माका एकाच कुलातले असून एकाची ॲलर्जी दुसऱ्यालाही लागू पडू शकते. तेलाचा थेंब कोपराच्या आतल्या बाजूस लावून एक दिवस वाट पाहणे हा त्यावरचा साधा बंदोबस्त. पोटात घ्यायचे असेल तर वैद्याच्या सल्ल्याने, आणि गरोदरपणात तर मुळीच स्वतःच्या मनाने नको.

पितृपक्षानंतर रोपाची छाटणी करून जमिनीपासून चार बोटे खोड ठेवले तर दिवाळीच्या सुमारास पुन्हा पाला येतो. कापलेला पाला वाळवायचा असल्यास सावलीत, पंख्याखाली, एकेरी थरात पसरावा. ऑक्टोबरच्या उन्हात त्याचा रंग जातो आणि पावसाळ्यात तो वाळण्याआधी कुजतो. काही स्तबक न कापता राखले तर ते काळे पडल्यावर कागदावर झटकून पुढच्या जूनसाठी बी गोळा करता येते, मात्र सगळे गोळा होईल ही अपेक्षा नको. रोमगुच्छ नसलेले हे बी पाण्याबरोबर वाहते आणि कुंडीतून निथळलेल्या पाण्यावाटे ते शेजारच्या तुळशीत, मनीप्लँटमध्ये आणि खालच्या मजल्यावरच्या फ्लॉवरबेडमध्ये जाऊन पोहोचते, म्हणून दुसऱ्या वर्षापासून बी पेरण्याऐवजी नको तिथे उगवलेली रोपे उचलून टबात लावण्याचेच काम उरते.